ओळखीची गोष्ट, नवा चेहरा : रिमेकच्या पात्रनिवडीतला वंशाचा प्रश्न

‘इमिटेशन ऑफ लाइफ’ या नावाचा चित्रपट हॉलिवूडने दोनदा काढला, पहिल्यांदा १९३४ साली आणि पुन्हा १९५९ साली. दोन्हींच्या कथेत एक मुलगी आहे. तिची आई कृष्णवर्णीय आहे, पण मुलीचा रंग इतका उजळ आहे की ती गोरी म्हणून सहज खपून जाते, आणि त्या आशेपायी ती जगासमोर आपल्या आईलाच ओळख द्यायचे नाकारते. १९३४च्या चित्रपटात ही भूमिका फ्रेडी वॉशिंग्टन हिने केली. ती स्वतः उजळ रंगाची कृष्णवर्णीय अमेरिकन होती, त्यामुळे पडद्यावरच्या मुलीची कोंडी तिला कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. पंचवीस वर्षांनी रिमेक निघाला तेव्हा तीच भूमिका सुझन कोनर हिला मिळाली. तिची आई मेक्सिकन अभिनेत्री होती आणि वडील मध्य युरोपातून आलेले ज्यू होते. कोनरने काम चांगले केले, तिला ऑस्करचे नामांकनही मिळाले. परंतु कृष्णवर्णीय अभिनेत्रीला मध्यवर्ती स्थान देणाऱ्या ज्या मोजक्या भूमिका त्या काळात होत्या, त्यांतली एक नव्या आवृत्तीत अशा अभिनेत्रीच्या हातून गेली.

सुरुवातीलाच हे उदाहरण घेण्याचे कारण असे की, रिमेकमध्ये पात्राचा वंश बदलणे ही गेल्या पाच-दहा वर्षांत निघालेली टूम आहे, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात हॉलिवूडमध्ये पात्राचा वंश आणि नटाचा वंश यांची अदलाबदल बोलपटांच्या आरंभापासून चालू आहे. पूर्वी ती बहुतेक एकाच दिशेने, म्हणजे गोऱ्या नसलेल्या पात्रांच्या भूमिका गोऱ्या नटांना देऊन, होत असे आणि तिच्यावर फारशी चर्चा होत नसे. आज ती उलट दिशेनेही होऊ लागली आहे आणि म्हणून ती डोळ्यांत भरते.

वाद रिमेकच्याच वेळी इतका का पेटतो, हे आधी समजून घ्यायला हवे. नव्या कथेतला नायक कुणीही असला तरी प्रेक्षक त्याला पहिल्यांदाच भेटत असतो. रिमेकचे तसे नसते. तो आठवणीच्या जोरावर विकला जातो, ‘तुम्हाला आवडलेली ती गोष्ट पुन्हा पाहा’ असेच त्याचे आमंत्रण असते, आणि त्या आठवणीत कथेइतकाच चेहराही कोरलेला असतो. ‘द लिटल मर्मेड’ हा सचेतपट, म्हणजे अ‍ॅनिमेशन चित्रपट, १९८९ साली आला. त्यातली जलपरी नायिका एरिएल गोरी होती आणि तिचे केस लाल होते. जुलै २०१९मध्ये जिवंत अभिनेत्यांच्या आवृत्तीसाठी हॅली बेली या कृष्णवर्णीय गायिकेची निवड जाहीर झाली, तेव्हा ज्यांनी लहानपणी पहिला चित्रपट पाहिला होता त्यांच्यापैकी अनेकांना आपली एरिएल आपल्यापासून कुणीतरी काढून घेत आहे असे वाटले. या भावनेत सरसकट वंशद्वेषच होता असे मी म्हणणार नाही. बालपणीच्या आठवणीविषयीची ओढ खरी असते. पण त्याच लाटेत बेलीवर जी गरळ ओकली गेली ती वंशद्वेषाचीच होती, आणि या दोन गोष्टी वेगळ्या ओळखता येणे हा विषय समजण्याचा पहिला टप्पा आहे.

दुसरा टप्पा थोडा अवघड आहे. आपण ज्याला मूळ चेहरा म्हणतो, तो तरी कसा ठरला होता, हे पाहणे. १९३०मध्ये हॉलिवूडच्या स्टुडिओंनी स्वतःसाठी एक आचारसंहिता स्वीकारली आणि १९३४पासून तिची कडक अंमलबजावणी सुरू झाली. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय व्यक्तींमधले प्रेमसंबंध किंवा विवाह पडद्यावर दाखवायला तिच्यात मनाई होती, आणि हे कलम १९५६पर्यंत टिकले. याचा व्यावहारिक अर्थ असा की, प्रमुख भूमिका एकदा गोऱ्या नटाकडे गेली की त्याच्या प्रेमकथेतली दुसरी भूमिकाही गोरीच असावी लागे, आणि मोठ्या चित्रपटात प्रेमकथा नाही असे क्वचितच घडे. ही मनाई कागदावर जितकी होती त्याहून व्यवहारात अधिक पसरली. १९३७च्या ‘द गुड अर्थ’मध्ये चिनी शेतकरी पती-पत्नीच्या भूमिका पॉल म्युनी आणि लुइसे राइनर यांनी केल्या, दोघेही युरोपीय वंशाचे. पत्नीच्या भूमिकेची आस धरून बसलेली अ‍ॅना मे वाँग ही त्या काळची सर्वांत नामवंत चिनी वंशाची अमेरिकन अभिनेत्री डावलली गेली, आणि राइनरला त्याच भूमिकेसाठी ऑस्कर मिळाले. म्हणजे जुन्या चित्रपटांतले चेहरे केवळ गुणवत्तेच्या चाळणीतून आले आणि आजचे तेवढे हिशेब मांडून निवडले जातात, ही विभागणी इतिहासाला धरून नाही. हिशेब तेव्हाही होता. तो नियमातच लिहिलेला असल्यामुळे कुणाला तो वेगळा मांडावा लागत नव्हता.

आता पात्रनिवडीच्या पद्धतींकडे वळू. यासंबंधी सर्वांत उपयुक्त मांडणी रंगभूमीवरून आली. १९८६ साली अमेरिकेत ‘नॉन-ट्रॅडिशनल कास्टिंग प्रोजेक्ट’ नावाची संस्था स्थापन झाली आणि तिने रूढ पद्धतीबाहेरच्या पात्रनिवडीचे चार प्रकार सांगितले. पहिल्या प्रकारात कृष्णवर्णीय, आशियाई किंवा लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, कलावंतांना अशा भूमिका दिल्या जातात ज्या ते समाजात प्रत्यक्ष करतच असतात : न्यायाधीश, डॉक्टर, शेजारी, शिक्षक. दुसऱ्या प्रकारात संपूर्ण कथाच एका समाजातून उचलून दुसऱ्या समाजात रुजवली जाते. तिसऱ्यात एखाद्या पात्राचा वंश मुद्दाम बदलला जातो, जेणेकरून कथेला नवा अर्थ यावा. आणि चौथ्यात वंशाचा विचार पूर्णपणे बाजूला ठेवून, चाचणीत जो सर्वांत सरस ठरेल त्याला भूमिका दिली जाते. हा चौथा प्रकार वर्णनिरपेक्ष पात्रनिवड म्हणून ओळखला जातो. सार्वजनिक वादात हे चारही प्रकार एकाच शब्दाखाली ढकलले जातात आणि म्हणूनच बहुतेक वाद कुठेही पोहोचत नाहीत, कारण बोलणारे दोघे दोन वेगळ्या गोष्टींविषयी बोलत असतात.

दुसऱ्या प्रकाराचे ठळक उदाहरण म्हणजे १९७८चा ‘द विझ’. ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ ही १९३९च्या चित्रपटामुळे घराघरांत पोहोचलेली कथा त्यात कृष्णवर्णीय अमेरिकेत आणली गेली, सर्व प्रमुख कलावंत कृष्णवर्णीय होते आणि डोरोथीची भूमिका डायना रॉसने केली होती. इथे कुणाची जागा कुणी घेतल्याची भावना फारशी उद्भवत नाही, कारण गोष्टीने घरच बदललेले असते. तिसऱ्या प्रकाराकडे झुकणारा प्रयोग म्हणजे २००५चा ‘गेस हू’. १९६७च्या मूळ चित्रपटात गोरी मुलगी कृष्णवर्णीय वराला घरी आणते, तर २००५मध्ये कृष्णवर्णीय मुलगी गोऱ्या वराला घेऊन येते. वंश उलटवल्याने प्रश्न विचारणारे घर बदलते, आणि तोच या रिमेकचा हेतू होता.

चौथा, वर्णनिरपेक्ष प्रकार मात्र दिसतो तितका सरळ नाही, त्यामुळे त्याच्यापाशी थोडे थांबायला हवे. तो अत्यंत सुंदर रीतीने यशस्वी झाल्याचे उदाहरण १९९७चे आहे. त्या वर्षी २ नोव्हेंबरला अमेरिकेच्या एबीसी वाहिनीवर ‘सिंड्रेला’ची संगीतमय आवृत्ती प्रसारित झाली. हीच संगीतिका १९५७मध्ये जूली अँड्र्यूजला घेऊन दूरचित्रवाणीसाठी लिहिली गेली होती. नव्या आवृत्तीत सिंड्रेला झाली ब्रँडी ही कृष्णवर्णीय गायिका, परीमाता झाली व्हिटनी ह्यूस्टन, राजा गोरा, राणी कृष्णवर्णीय, आणि त्यांचा मुलगा, म्हणजे राजकुमार, फिलिपिनो वंशाचा. हे कुटुंब असे कसे, हा प्रश्न कथेतले कुणीही विचारत नाही, आणि पाच मिनिटांत प्रेक्षकही तो विसरतो. सुमारे ६ कोटी लोकांनी तो कार्यक्रम पाहिला. परीकथेचे राज्य कोणत्याही नकाशावर नसते, तिथे भोपळ्याची बग्गी होते हे आपण मान्य केलेले असते, म्हणून हा संकेत तिथे सहज पेलतो.

पण हाच संकेत वास्तवाच्या जमिनीवर आणला की काय होते, हे जॉर्ज रोमेरो यांच्या १९६८च्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’मध्ये दिसते. नायक बेनच्या भूमिकेसाठी ड्वेन जोन्स या कृष्णवर्णीय नटाची निवड झाली. त्याने चाचणी सर्वांत चांगली दिली, एवढेच त्यामागचे कारण असल्याचे रोमेरो नेहमी सांगत. कथेत बेन पुन्हा उठून चालू लागलेल्या मृतांच्या हल्ल्यातून रात्रभर तग धरतो, आणि सकाळी बंदूकधारी गोऱ्यांची टोळी त्यालाच मृतांपैकी एक समजून गोळी घालते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली होती आणि चित्रपट ऑक्टोबरमध्ये लोकांसमोर आला. ज्यांनी वंशाचा विचार न करता निवड केली होती, त्यांच्या चित्रपटाचा शेवट प्रेक्षकांनी वंशाच्याच प्रकाशात वाचला, आणि तसा वाचण्यात त्यांची काहीही चूक नव्हती. निवड करणाऱ्याने वर्ण पाहिला नाही म्हणून पाहणाऱ्याला तो दिसत नाही, असे होत नाही. या चित्रपटाचा १९९०मध्ये रिमेक निघाला तेव्हा बेनची भूमिका टोनी टॉडकडे, म्हणजे पुन्हा कृष्णवर्णीय नटाकडेच गेली. बावीस वर्षांत तो चेहरा ‘मूळ’ झाला होता. आठवण कोणत्याही चेहऱ्याला चिकटते, तिला स्वतःचा असा रंग नसतो, हे मला या उदाहरणात सर्वांत महत्त्वाचे वाटते.

वर्णनिरपेक्ष निवडीला सर्वांत तीव्र विरोध एका कृष्णवर्णीय नाटककाराकडून झाला, हे अनेकांना माहीत नसते. ऑगस्ट विल्सन यांनी १९९६ साली प्रिन्स्टन येथील रंगकर्मींच्या परिषदेत केलेल्या भाषणात ही कल्पना पूर्णपणे फेटाळली. गोऱ्या समाजासाठी लिहिलेल्या नाटकांत कृष्णवर्णीय नटांना जागा देणे म्हणजे त्यांचा स्वतःचा इतिहास पुसून त्यांना दुसऱ्याच्या घरात पाहुणे म्हणून नेणे होय, त्यापेक्षा कृष्णवर्णीय नाटककारांना आणि नाट्यसंस्थांना पैसा व मंच मिळायला हवा, असा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. रिमेकच्या संदर्भात हा आक्षेप आजही तितकाच जिवंत आहे. गाजलेल्या गोष्टीतले जुने कपडे नव्या अंगावर चढवण्याऐवजी त्या माणसांच्या स्वतःच्या गोष्टींवर पैसा का लावला जात नाही, हा प्रश्न विचारणारे बहुतेक लोक विविधतेच्या बाजूचेच असतात.

त्याचे उत्तर बरेचसे व्यवहारात आहे. मोठ्या स्टुडिओला नवी कथा म्हणजे जोखीम वाटते आणि रिमेक म्हणजे आधीच ओळख असलेला माल. रिमेकमध्ये खरा ‘स्टार’ हा शीर्षकच असतो, त्यामुळे तिथे तुलनेने नवख्या कलावंताला प्रमुख भूमिका देणे परवडते. दुसरीकडे प्रेक्षकवर्गही बदलला आहे : २०२०च्या जनगणनेनुसार लॅटिनो नसलेल्या गोऱ्यांचे प्रमाण अमेरिकेत ५७.८ टक्के होते, म्हणजे दर पाचांतले दोनहून अधिक प्रेक्षक त्या गटाबाहेरचे आहेत. तिकीटखिडकीचे आकडे मात्र कोणत्याच बाजूने पुरावा म्हणून वापरता येत नाहीत. २०२३च्या ‘द लिटल मर्मेड’ने जगभरात सुमारे ५७ कोटी डॉलर मिळवले, तर लॅटिनो नायिका असलेल्या २०२५च्या ‘स्नो व्हाइट’ची कमाई त्याच्या निम्म्याहूनही कमी राहिली. दोन्हींत नायिकेची निवड वादग्रस्त ठरली होती, पण चित्रपट चालतो किंवा पडतो त्यामागे पटकथा, खर्च, प्रदर्शनाची वेळ, समीक्षा अशी दहा कारणे असतात, आणि त्यांतले एकच उचलून निकाल देणे प्रामाणिकपणाचे नाही.

कायदा आणि नियम यांविषयीही दोन गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. भूमिकेसाठी विशिष्ट वंशाचाच कलावंत घेणे बेकायदा आहे, हा पहिला. अमेरिकेच्या १९६४च्या नागरी हक्क कायद्यानुसार नोकरी देताना वंशावरून भेद करता येत नाही. लिंग, धर्म किंवा राष्ट्रीय मूळ ही कामाची खरोखरच गरज असेल तर कायदा अपवाद करतो, परंतु त्या अपवादांत वंशाचा समावेश नाही. मग एखाद्या भूमिकेसाठी विशिष्ट वंशाचाच कलावंत कसा निवडता येतो? कारण पात्रनिवड हा अभिव्यक्तीचा भाग मानला जातो. २०१२मध्ये टेनेसीतल्या संघराज्य न्यायालयाने एका वास्तवदर्शी दूरचित्रवाणी मालिकेविरुद्धचा वंशभेदाचा दावा फेटाळताना, कलावंत निवडण्याच्या निर्णयाला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण असल्याचे म्हटले. दुसरा गैरसमज ऑस्करविषयी आहे. अकादमीने सप्टेंबर २०२०मध्ये जाहीर केलेले समावेशाचे निकष २०२४च्या सोहळ्यापासून सर्वोत्तम चित्रपटाच्या गटाला बंधनकारक झाले, आणि त्यामुळे आता प्रत्येक चित्रपटात विविध वंशांचे नट घ्यावेच लागतात असे सांगितले जाते. तसे नाही. निकष चार आहेत आणि त्यांतले दोन पूर्ण केले तरी पुरते. पडद्यावरचे कलावंत हा त्यांतला केवळ एक आहे, बाकीचे पडद्यामागचे प्रमुख, प्रशिक्षणाच्या संधी आणि विपणन-वितरणातली माणसे यांच्याशी संबंधित आहेत.

आता सर्वांत जास्त वेळा विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाकडे येऊ. गोऱ्या पात्राची भूमिका कृष्णवर्णीय नटाने केलेली चालते, तर कृष्णवर्णीय किंवा आशियाई पात्राची भूमिका गोऱ्याने केली तर आक्षेप का? न्याय दोघांना सारखाच नको का? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर टाळता कामा नये. माझ्या मते त्यासाठी प्रत्येक भूमिकेबाबत एक गोष्ट तपासावी लागते : पात्राचा वंश त्या कथेत काही काम करतो का? एरिएल गोरी असण्याने तिच्या कथेतली एकही घटना घडत नाही, तिची अडचण शेपटी आणि हरवलेला आवाज ही आहे. स्नो व्हाइटच्या बाबतीत थोडे वेगळे आहे, कारण ग्रिम बंधूंच्या १८१२च्या संग्रहात तिची कांती हिमासारखी शुभ्र असल्याचे म्हटले आहे आणि नावही त्यावरूनच आले आहे. म्हणून २०२५च्या चित्रपटाला नावाची नवी उपपत्ती द्यावी लागली आणि ही मुलगी हिमवादळात जन्मली असे सांगितले गेले. वर्णन बदलले, कथेचा कणा तसाच राहिला. याउलट ‘इमिटेशन ऑफ लाइफ’मधल्या मुलीचा वंश काढून टाकला तर कथाच उरत नाही.

या तपासणीला संख्येची जोड द्यावी लागते. गोऱ्या नटांसाठी लिहिलेल्या प्रमुख भूमिका असंख्य आहेत, त्यांतली एक गेली तर हजार उरतात, पण आशियाई नायिकेसाठी मोठ्या खर्चाची भूमिका वर्षानुवर्षांत एखादीच येते. १९९५च्या जपानी सचेतपटावरून २०१७मध्ये ‘घोस्ट इन द शेल’ निघाला आणि मेजर मोतोको कुसानागीची भूमिका स्कार्लेट जोहान्सनला मिळाली, तेव्हा आशियाई वंशाच्या अमेरिकन कलावंतांचा संताप याच कारणाने झाला. मूळ चित्रपटाचे दिग्दर्शक मामोरू ओशी यांनी मात्र या निवडीला हरकत घेतली नव्हती, कारण त्या नायिकेचे शरीर यांत्रिक आहे आणि त्याला ठरावीक वंश असण्याची गरज नाही असे त्यांचे म्हणणे होते. यात विसंगती वाटण्याचे कारण नाही. जपानमधला कलावंत बहुसंख्याकांच्या चित्रपटसृष्टीत काम करतो, त्याच्याकडे भूमिकांची टंचाई नसते. टंचाई हॉलिवूडमध्ये आहे, म्हणून वेदनाही तिथलीच आहे.

चेहरा बदलला तर त्याच्याभोवतीचे जगही बदलावे लागते, हे निर्माते अनेकदा अर्धवटच लक्षात घेतात. ‘द लिटल मर्मेड’च्या नव्या आवृत्तीत राजपुत्राचे राज्य कॅरिबियन बेटांसारखे दाखवले आहे, त्याची दत्तक आई असलेली राणी कृष्णवर्णीय आहे, आणि एरिएलच्या बहिणी वेगवेगळ्या समुद्रांतून आलेल्या, वेगवेगळ्या वंशांच्या आहेत. म्हणजे निवडीला साजेसे जग उभारण्याचा प्रयत्न झाला. पण जहाजांच्या त्या काळात कॅरिबियन म्हटले की गुलामगिरीचा इतिहास आपोआप मागे उभा राहतो, आणि चित्रपट त्याच्याकडे पाहतही नाही, अशी टीका काहींनी केली. परीकथेच्या नकाशाबाहेरच्या राज्यात हा प्रश्न आला नसता. खऱ्या भूगोलाच्या जवळ जाताच तो आला.

या सगळ्या गुंतागुंतीचा सर्वांत बोलका नमुना ‘वेस्ट साइड स्टोरी’ आहे. न्यूयॉर्कमधल्या गोऱ्या तरुणांची टोळी आणि प्वेर्तो रिको या अमेरिकेच्या अखत्यारीतल्या, स्पॅनिश भाषिक कॅरिबियन बेटावरून आलेल्या तरुणांची टोळी यांच्यातल्या वैराची ही संगीतमय कथा असल्यामुळे इथे वंश हा कथेचा पायाच आहे. १९६१च्या चित्रपटात मारियाची भूमिका नॅटली वुडने केली, जिचे आईवडील रशियन भाषिक स्थलांतरित होते, आणि तिची गाणी मार्नी निक्सनच्या आवाजात होती. प्वेर्तो रिकन टोळीचा म्होरक्या झालेला जॉर्ज चाकिरिस ग्रीक वंशाचा होता, आणि लंडनच्या रंगमंचावर त्याने याच नाटकात विरुद्ध, गोऱ्या टोळीच्या म्होरक्याचे काम केले होते. प्रमुखांपैकी खरोखर प्वेर्तो रिकन असलेल्या, अनिताची भूमिका करणाऱ्या रिटा मोरेनोच्या चेहऱ्यावरही तिच्या स्वतःच्या वर्णापेक्षा गडद रंग लावला गेला, कारण टोळीतल्या सगळ्यांना एकाच तपकिरी रंगात रंगवायचे ठरले होते. आपल्या लोकांचे वर्ण अनेक आहेत, हे ती रंगभूषाकाराला सांगत राहिली, पण तिचे कुणी ऐकले नाही. त्या भूमिकेसाठी तिला ऑस्कर मिळाले.

स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी २०२१मध्ये हाच चित्रपट पुन्हा केला, तेव्हा प्वेर्तो रिकन पात्रांसाठी लॅटिनो कलावंतच घेण्याचे ठरवले. खुल्या आवाहनाला तीस हजारांहून अधिक जणांनी प्रतिसाद दिला आणि त्यातून शाळेत शिकणारी रेचल झेग्लर मारिया म्हणून निवडली गेली. त्यांनी आणखी एक निर्णय घेतला : स्पॅनिश संवादांना इंग्रजी उपशीर्षके दिली नाहीत. ज्याला ती भाषा येत नाही त्याने त्या घरात थोडे परके वाटून घ्यावे, आणि ज्याची ती भाषा आहे त्याला पाहुण्यासारखे वागवले जाऊ नये, असा त्याचा परिणाम होतो. केवळ चेहरे बदलून हा परिणाम साधला नसता. मूळ भूमिकेसाठी मोरेनोला जे ऑस्कर मिळाले होते, ते त्याच अनिताच्या भूमिकेसाठी २०२२मध्ये आरियाना डिबोजला मिळाले.

तरीही प्वेर्तो रिकन प्रेक्षकांतले काही जण समाधानी झाले नाहीत. झेग्लरची आई कोलंबियन वंशाची आहे, तेव्हा लॅटिनो म्हटले की सगळे एकच का, असे त्यांनी विचारले. मूळ संगीतिका ज्या चौघांनी रचली त्यांच्यात एकही प्वेर्तो रिकन नव्हता, नवी पटकथा लिहिणारे टोनी कुशनर आणि दिग्दर्शक स्पीलबर्ग हेही नाहीत. आपल्याविषयीच्या या गोष्टीत आपली माणसे आता गातात, नाचतात आणि आपली भाषा बोलतात, पण त्यांच्या हातात सुरा कुणी दिला होता आणि तो अजूनही तसाच का आहे, याचे उत्तर त्यांना पात्रनिवड करणाऱ्यांकडून नको आहे, लिहिणाऱ्यांकडून हवे आहे.